मेसेजच्या ढिगाऱ्यात

दोडामार्गात राहणाऱ्या माणसाला एका दिवसात किती भाषा लागतात हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. घरात आमची दखनी वळणाची उर्दू, शेजारीपाजारी मालवणी, डिचोलीच्या बाजारात उतरलो की कोंकणी, पंचायत समितीत मराठी आणि वर्गात पाठ्यपुस्तकातली साफसुथरी उर्दू. जिभेला याचा कधी त्रास झाला नाही. आमच्या नाक्यावरचा भाजीवाला तर एकाच वाक्यात तीन भाषा घालतो आणि गिऱ्हाईक बरोबर समजून पैसे देतं. त्रास सुरू झाला तो या सगळ्या भाषा आम्ही मोबाईलवर लिहू लागलो तेव्हापासून. बोललेलं त्या वेळेपुरतं असतं. लिहिलेलं मोबाईलच्या पोटात राहतं आणि कधीतरी ते शोधून काढावं लागतं.

व्हॉट्सॲप २००९ साली निघालं. आमच्या भागात ते घरोघर पोहोचायला आणखी पाच-सहा वर्षं लागली. पोहोचल्यावर मात्र त्यानं पत्र, तार, वहीतली नोंद, दुकानदाराची पावती, शाळेची नोटीस या सगळ्यांची जागा एकट्यानं घेतली. २०२० च्या टाळेबंदीत गोव्याची हद्द बंद झाली, तेव्हा म्हापशाला नि पणजीला कामाला जाणारी आमची मुलं इकडे अडकली आणि तिकडे राहिलेली तिकडेच. (मोबाईलच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा हे एकच सर्कल आहे. माणसं अडली, मेसेज अडले नाहीत.) त्याच वर्षी ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ हा कार्यक्रम आला आणि आमचा वर्ग मोबाईलमध्ये भरू लागला. मुलांनी वाचलेले धडे आवाजात येत, गणिताच्या वह्यांचे फोटो येत, आणि मधूनच एखाद्या बापाचा मेसेज, ‘सर, आज नेट संपला.’ तिलारीच्या खोऱ्यात काही घरांतल्या मुलांना रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागे.

त्या दोन वर्षांत आमच्या मोबाईलमध्ये जो ढिगारा साचला तो आजही उपसून संपलेला नाही. वरच्या बाजूला एक भिंगाचं चित्र असतं, त्याला बोट लावलं की शोधण्याची पट्टी उघडते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शब्द लिहा, मेसेज हजर. आमच्या स्टाफरूममधल्या इंग्रजीवाल्यांना तो खरंच हजर होतो. आम्हाला मात्र पुष्कळदा ‘काही सापडलं नाही’ एवढंच उत्तर मिळतं. मेसेज असतो, आम्ही तो वाचलेलाही असतो, तरी तो सापडत नाही. असं का होतं याचा छडा आम्ही लावला तो एका घरगुती प्रकरणात, आणि ते प्रकरण कर्जाचं होतं.

आमचे मामू मस्कतला होते. पंचवीस वर्षं तिथे काढून ते परत आले, भेडशीच्या बाजूला नदीजवळच्या आपल्या घरात राहू लागले आणि २०२४ च्या पावसाळ्यात त्यांचा इंतिकाल झाला. जनाजाच्या नमाजेआधी, आपल्याकडे रिवाज आहे तसं, त्यांच्या थोरल्या मुलानं पुढे येऊन सांगितलं की अब्बांवर कुणाचं देणं असेल तर आमच्याशी बोला. वाचकांना सांगायला नको की मरहूमचं कर्ज आधी फिटतं आणि मग वारसांची वाटणी होते. पहिल्या आठवड्यात एकच माणूस आला. बाजारातला पत्र्याचा दुकानदार. घराच्या दुरुस्तीचे चाळीस हजार बाकी आहेत म्हणाला. दुसरं कुणीच आलं नाही.

मुमानीला मात्र चैन पडेना. ती म्हणत होती, ‘उनों तुमको कुछ लिखे थे. एक बार बोले थे मुझे, हिसाब भांजे के पास भेज दिया मैं.’ घरात शिकलेला माणूस म्हणजे आम्ही, बी.एड. झालेले. म्हणून मामूंनी हिशेब आमच्याकडे पाठवला असणार हे पटण्यासारखं होतं. सात-आठ वर्षांत मामूंचे हजारो मेसेज आले होते. जुम्म्याची मुबारकबाद, मस्कतच्या समुद्राचे फोटो, आमच्या मुलीच्या दातांची चौकशी. त्यातून हिशेबाचा मेसेज काढायचा होता.

पहिल्या रात्री आम्ही पट्टीत उर्दूत ‘कर्ज’ लिहिलं. खंडीभर मेसेज आले. बहुतेक सगळे पुढे ढकललेले बयान, कर्जाच्या अजाबावर, कुठल्या कुठल्या ग्रुपमधले. मामूंचा त्यात एकही नव्हता. मग ‘पैसे’ लिहिलं. आमचेच मेसेज आले, मामूंचे नाहीत. ‘देना’ लिहिलं, तेच. रोमन लिपीत लिहून पाहिलं, कारण मामू कधीकधी तसंही लिहीत. रोमन उर्दूला शुद्धलेखन कुठलं असणार? ‘खैरियत’ हा शब्द आमच्या खानदानात पाच तऱ्हांनी लिहिला जातो. कुणी ‘केएच’ पुढे ‘एआय’ लावतो, कुणी नुसता ‘ई’, कुणी शेवटचा ‘टी’ दोनदा देतो. आकड्यांनीही पाहिलं. पण चाळीस हजार हे इंग्रजी आकड्यांत, मराठी आकड्यांत, उर्दू आकड्यांत, मधे स्वल्पविराम देऊन, शून्यांच्या जागी ‘के’ लावून आणि अक्षरांत असं सहा प्रकारे लिहिता येतं. यंत्राच्या दृष्टीनं ते सहा वेगळे शब्द आहेत.

मेसेज तारखेवरून सापडला. मामूंनी हिशेब पाठवला तो पुराच्या सुमाराला, एवढं मुमानीला पक्कं आठवत होतं. ऑगस्ट २०१९ चा तो पूर दोडामार्गात कोण विसरेल? तिलारी नदी फुगली, बांद्याच्या बाजारात पाणी शिरलं, खाली गोव्याच्या गावांतही घरं बुडाली. मामू तेव्हा मस्कतला होते आणि घर नदीकाठी, त्यामुळे दर तासाला त्यांचा मेसेज येई. एकाच माणसाच्या मेसेजांत तारखेवरून शोधण्याची सोय अँड्रॉइड मोबाईलवर २०२४ च्या फेब्रुवारीत आली. त्या माणसाचं पान उघडायचं, वरच्या तीन टिंबांतून ‘शोधा’ घ्यायचं, पट्टीच्या कडेला कॅलेंडरचं छोटं चित्र दिसतं, त्यावर बोट ठेवून साल, महिना, दिवस निवडायचा. आम्ही ऑगस्टचा पहिला आठवडा निवडला आणि वाचत खाली आलो. पूर ओसरला, घरातला चिखल काढला, भिंत खचल्याचा फोटो गेला, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी रात्री दोनच्या सुमाराला मामूंचा लांबलचक मेसेज होता.

तो पाहिल्यावर आमच्या लक्षात आलं की शोधपट्टीला तो कधीच मिळाला नसता. मामूंच्या मोबाईलवर अरबी कीबोर्ड होता. अरबीत ‘पे’ नाही, ‘चे’ नाही, ‘गाफ’ नाही, आपले ‘टे’ नि ‘डाल’ही नाहीत. काही कीबोर्डांत ती अक्षरं दुसऱ्या अक्षराखाली दडवलेली असतात, पण पंचवीस वर्षं पाइप जोडणाऱ्या माणसाच्या बोटाला ती शोधायची सवड कुठून मिळणार? मामूंनी ‘पे’च्या जागी ‘बे’ लिहिला होता. ‘पैसे’चं ‘बैसे’ झालं होतं. गंमत म्हणजे ओमानात ‘बैसा’ हे खरंच एक नाणं आहे. हजार बैशांचा एक रियाल, आणि तो शब्द आपल्या पैशावरूनच तिकडे गेलेला. आखातात भारताचा रुपया चालायचा, १९५९ पासून खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या जात आणि ओमानात त्या १९७० पर्यंत चालल्या. तेव्हा मामूंनी ‘बैसे’ लिहिलं यात काहीच चूक नव्हती, पैसा फक्त एक फेरी मारून आला होता.

पण ‘पे’ बरोबर असता तरी अडचण होतीच. अरबीची ‘ये’ आणि उर्दूची ‘ये’ शब्दाच्या मधे आली की डोळ्याला अगदी एकसारखी दिसते. मोबाईलच्या आत मात्र दोघींचे क्रमांक वेगळे. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे, तिच्यात या दोन स्वतंत्र ‘ये’ आहेत, दोन ‘काफ’ आहेत, ‘हे’सुद्धा वेगवेगळे. आम्ही ‘देना’ लिहिलं ते उर्दू ‘ये’नं, मामूंनी अरबी ‘ये’नं. आम्ही वाचताना दोन्हीला ‘देना’ म्हणतो. यंत्र वाचत नाही, क्रमांक जुळवतं. वर्गात मुलांना आम्ही नुक्ता इकडचा तिकडे झाला तर पुन्हा लिहायला लावतो, आणि इथे न दिसणाऱ्या फरकानं माणसाचा हिशेब लपून बसला होता.

मराठीतही हे चालतंच. ‘दुसऱ्या’ शब्दातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो एकच. शिवाय आपली भाषा शब्दाचं अंगच बदलते. ‘पैसे’ शोधलं तर ‘पैशांचं’ येत नाही. म्हणून आमचा अनुभव असा की शब्दाचा न बदलणारा सुरुवातीचा तुकडा लिहावा. ‘कर्ज’ लिहिलं की ‘कर्जाचे’, ‘कर्जातून’ आपोआप येतात.

मामूंच्या मेसेजातून दुसरी एक युक्ती हाती आली. त्यांचा तो ‘बैसे’ आम्ही बोटानं दाबून, जसाच्या तसा उचलून शोधपट्टीत चिकटवला. त्यांच्या ‘ये’सकट. मग मामूंचे पैशाविषयीचे अकरा मेसेज एका पानावर आले, २०१७ पासून २०२३ पर्यंतचे. ज्यानं लिहिलं त्याच्याच अक्षरात शोधायचं, हा इलाज आम्हाला कुठल्या माहितीपत्रकात वाचायला मिळाला नव्हता.

हिशेब असा होता. पत्र्याच्या दुकानदाराचे चाळीस हजार. मस्कतच्या एका साथीदाराचे दीडशे रियाल, त्यापुढे ‘दे दिया’ असं नंतर जोडलेलं. आणि तिसरी ओळ होती आमच्या मोठ्या खालाच्या बांगड्यांची. मामू पहिल्यांदा मस्कतला निघाले तेव्हा एजंटाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून खालानं आपल्या चार बांगड्या काढून दिल्या होत्या. मामूंनी वजन लिहिलं होतं, साडेतीन तोळे. पुढे एवढंच, ‘वापस करना बाकी है. आपा कभी बोलती नहीं.’

खाला जनाजाच्या दिवशी तिथेच बसली होती. मुलानं बाहेर पुकारलं ते तिनंही ऐकलं असणार. ती काही बोलली नाही. आम्ही मेसेज घेऊन तिच्याकडे गेलो तेव्हा ती आधी रागावलीच. ‘मैं दी थी, उसने लिए नहीं थे,’ म्हणाली. ‘भाई से कोई हिसाब करता है क्या?’ पण मुमानी आणि दोन्ही मुलं ऐकेनात. मग प्रश्न आला की द्यायचं काय. त्या बांगड्या विकून तेव्हा जेवढे रुपये आले तेवढ्यात आज एक बांगडीही आली नसती. २०१९ पासून २०२४ पर्यंतच सोन्याचा भाव जवळजवळ दुप्पट झाला. मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, सोनं घेतलं होतं तर तेवढ्याच वजनाचं सोनं द्या. मेसेजात वजन नसतं तर हा निकालच लागला नसता. कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरे बकरातली आहे आणि ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आम्ही लहानपणी मदरशात ऐकलं होतं. मामूंनीही कुठेतरी ऐकलं असेल. अरबी कीबोर्डावर, मोडक्या उर्दूत, रात्री दोन वाजता त्यांनी ते पाळलं होतं.

पत्र्याच्या दुकानदाराचंही निघालं. शोधपट्टीखाली फोटो, दस्तऐवज, लिंक, ऑडिओ अशा छोट्या पट्ट्या असतात. त्यातली फोटोची पट्टी दाबून मामूंचं नाव दिलं तर २०२२ मधली एक पावती सापडली, पंचवीस हजार पोचल्याची, दुकानदाराच्याच सहीची. आम्ही ती नेऊन दाखवली. त्यानं आपली जाडी वही काढली, पानं उलटली, आणि दुसऱ्या खात्यावर चढलेली ती रक्कम स्वतःच दाखवली. भला माणूस. पंधरा हजार घेतले आणि चहा पाजला.

प्रकरण कोर्टात गेलं असतं तर एवढ्यानं भागलं नसतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधला मजकूर पुरावा म्हणून द्यायचा तर सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्याला पुढे पाठवलेला मेसेज किंवा पडद्याचा फोटो आणि मूळ मोबाईलमधला मेसेज यांचं वजन सारखं नसतं. म्हणून देण्याघेण्याचा मेसेज ज्या मोबाईलवर आला त्यातून पुसू नये.

आवाजी मेसेजांचा प्रश्न मात्र सुटला नाही. २०१३ पासून ही सोय आहे आणि आमच्या घरातल्या बायकांनी लिहिणं जवळजवळ सोडूनच दिलं. अम्मी एका दिवसात दहा आवाज पाठवते. त्यात शोधायला शब्दच नसतात. २०२४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपनं आवाजाचं अक्षरांत रूपांतर करण्याची सोय जाहीर केली, पण ती मोजक्या भाषांपुरती. आमच्या दखनीला तिथे कोण विचारतो? आम्ही आता एवढं करतो की कामाचा आवाज आला की त्याच्याखाली लगेच चार शब्द लिहून टाकतो, ‘अम्मी, गॅसची नोंदणी’, किंवा ‘अम्मी, डॉक्टरची तारीख’. पुढे शोधायला ते चार शब्द पुरतात.

शाळेचं तर विचारूच नका. परिपत्रक येतं ते कागदाच्या तिरप्या फोटोच्या रूपात, एकाच ग्रुपवर तीनदा, आणि मधे वाढदिवसाच्या पन्नास शुभेच्छा. फोटोतली अक्षरं पट्टीला दिसत नाहीत. पीडीएफ आली तरी तिचं नाव बरेचदा नुसतं ‘डॉक’ आणि पुढे आकड्यांची रांग. पण त्या रांगेत अर्थ असतो. अँड्रॉइड मोबाईलवर व्हॉट्सॲपच्या फाइलीला जे नाव मिळतं त्यात आधी प्रकार येतो, मग साल, महिना, दिवस सलग, मग ‘डब्ल्यूए’ आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक. ती तारीख फोटो काढल्याची नसते, मोबाईलवर उतरल्याची असते. आमच्या एका सहशिक्षिकेच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा कागद असाच नावातल्या तारखेवरून मिळाला.

महत्त्वाच्या मेसेजला दाबून तारा लावता येतो, तारा लावलेले सगळे एका जागी मिळतात. २०२२ च्या अखेरीपासून स्वतःलाच मेसेज पाठवायची सोयही आहे. आम्ही तिथे परिपत्रकाचा फोटो टाकतो आणि खाली एक ओळ लिहितो, विषय, साल, कुणाकडून आलं. ओळ नेहमी एकाच लिपीत, आमच्यापुरती देवनागरीत, आणि आकडे इंग्रजीत. उर्दू शाळेचे मास्तर देवनागरीत नोंद ठेवतात म्हणून स्टाफरूममध्ये थट्टा झाली. होऊ दे. कुठलीही लिपी चालेल, पण रोज बदलू नये.

राहिली मामूंची गोष्ट. हे सगळे मेसेज आमच्या मोबाईलमध्ये आहेत. आधीचा मोबाईल बिघडला तेव्हा ते गूगलच्या साठ्यातून परत आणले होते. २०२४ पासून तो साठा गूगलच्या फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो, त्यामुळे कुठलं काढायचं आणि कुठलं ठेवायचं हा विचार दर महिन्याला करावा लागतो. पण नंबराचं वेगळंच आहे. रिचार्ज थांबला की सिम बंद पडतं आणि तीन महिने उलटल्यावर तोच नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग मामूंच्या नावाच्या पानावर, त्यांच्या ‘बैसे’च्या वर, कुणा अनोळखी माणसाचा हसरा फोटो यायचा. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या मरहूम वडिलांच्या बाबतीत हे झालं आणि तो पोरगा दोन दिवस जेवला नाही.

हे ऐकल्यापासून मुमानी दर अठ्ठावीस दिवसांनी नाक्यावरच्या दुकानात जाऊन त्या नंबराचा सर्वांत स्वस्त रिचार्ज मारून येते. मोबाईल कपाटात, साड्यांच्या खाली असतो. चार्जिंगला लावायचं काम धाकट्या मुलाकडे आहे. खालाला बांगड्या दोन हप्त्यांत पोचल्या. दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी ती आम्हाला म्हणाली, ‘अब हो गया ना? वो मेसेज निकाल दे.’ आम्ही हो म्हटलं आणि घरी येऊन त्याला तारा लावला.